त्सुरुमाकीबाईंच्या दारचा कानझान

नातीचं लग्न ठरलं की आजोबांनी गप्प बसावं, नवे मोजे घालावेत आणि बोलावलं की फोटोला उभं राहावं. माझ्याकडून एवढंच मागितलं गेलं होतं. मोजे तर हिसानोने, म्हणजे माझ्या बायकोने, आणूनही ठेवले होते. पण त्या वसंतात मला साकुराची, म्हणजे आमच्याकडच्या चेरीची, झाडं ओळखायची दुर्बुद्धी झाली, आणि साध्यासरळ साखरपुड्याचं मी काय करून ठेवलं ते सांगतो.

आमची नात चिगुसा टोकियोत नोकरी करते आणि आमच्याकडेच राहते. तिचे आईवडील ओसाकाला असतात. तिने स्वतःच निवडलेला मुलगा, तात्सुनोरी, कानागावातल्या डोंगराकडच्या गावचा. आमच्याकडे पाऊस आधी आणि उन्हाळा मागून; तो ओसरला की मुलाकडची माणसं आमच्या घरी साखरपुड्याला येणार असं ठरलं. अशा दिवशी आमच्याकडे हिरवा चहा देत नाहीत. चहा गढूळ होतो, आणि मंगलकार्यात गढूळ काही नको. त्याऐवजी मिठात खारवलेलं साकुराचं फूल कपात ठेवून वर गरम पाणी ओततात. फूल पाण्यात हळूहळू उमलतं, पाहुणे ‘वा’ म्हणतात, आणि ते खारट पाणी पिऊन दोन्ही घरं जोडली जातात.

हिसानो म्हणाली, दुकानातून एक बरणी आणू. त्यावर चिगुसा हळूच म्हणाली की तात्सुनोरीच्या घरचा धंदाच तो. त्याची आजी लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून ही फुलं तोडते आणि खारवते. हलवायाच्या पुढ्यात बाजारचा पेढा ठेवायचा म्हणजे कसं दिसेल? शिवाय ही इवासे-आजी तोंडावर बोलणारी. धाकट्या सुनेने पहिल्यांदा सूप केलं तेव्हा, भांडं नीट विसळलं नव्हतं का, असं आजीने पंगतीत विचारलं होतं म्हणे. चिगुसा हे हसत सांगत होती, पण हाताने रुमालाची गुंडाळी करत होती. पोरीला धास्ती होती. त्या घरात तिला आयुष्य काढायचं होतं.

मी म्हणालो, “काळजी करू नकोस. आपल्याच वस्तीतल्या झाडाची फुलं मी स्वतः खारवीन. घरचं ते घरचं.”

हिसानो म्हणाली, “असेलही.”

आमच्याकडे समोरच्याचं बोलणं पटलं नाही तर लोक ‘नाही’ म्हणत नाहीत, ‘असेलही’ म्हणतात. हे मला जन्मापासून ठाऊक आहे. तरीही ‘असेलही’ दुसऱ्याला म्हटलेलं असलं तरच त्याचा अर्थ कळतो. आपल्याला म्हटलेलं असलं की तो होकार वाटतो.

खारवायला साधा साकुरा चालत नाही. नदीकाठी आहेत ते सोमेई-योशिनो, सरकारी नोकरांसारखे. एकाच दिवशी हजर, एकाच दिवशी रजेवर, आणि पाकळ्या मोजून पाच. खारवायला लागतो तो कानझान. गडद गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचा, बाकीचे गळून गेले की मग सावकाश उमलणारा. आता तो आमच्या वस्तीत कुठे आहे, हे मला ठाऊक नव्हतं. माझी उमर गेली सार्वजनिक न्हाणीघराच्या भट्टीपुढे. लोक अंघोळीला येत त्या वेळी मी मागे लाकूड सारत असे, आणि लोक जागे होत त्या वेळी झोपत असे. वसंत ऋतू असतो हे मी ऐकून होतो. साकुराचं लाकूड मात्र मी डोळे मिटून ओळखतो. जळताना त्याचा वास गोडसर येतो. पण ओळख पटवण्यासाठी वस्तीतलं एकेक झाड जाळून पाहायला कुणी परवानगी दिली नसती.

म्हणून मी वाचनालयातून साकुराच्या जातींचं चित्रांचं पुस्तक आणलं. लिहायवाचायला मी साठीनंतर रात्रशाळेत शिकलो, त्यामुळे छापलेल्या गोष्टीवर माझा विश्वास जरा जास्तच आहे. पुस्तक काखेत मारून मी निघालो.

पहिल्याच दिवशी चौकीतल्या पोलिसाने मला हटकलं. एक म्हातारा परक्यांच्या भिंतींवरून बागेत डोकावतो आणि मग पुस्तकात बघतो, अशी तक्रार आली होती. मी त्याला कानझानचं चित्र दाखवलं. त्याने ते फार आदराने पाहिलं, दोन्ही हातांनी परत दिलं आणि सुचवलं की आजोबा, भिंतीवरून बघण्यापेक्षा दारातून जावं.

दारातून जायचं म्हणजे हात हलवत जाता येत नाही. मी तांदळाच्या कुरकुरीत पापड्यांची पाकिटं घेतली आणि एकेका घरी जाऊन, तुमच्या झाडाला तसदी देतो आहे, माफ करा, असं म्हणून झाड पाहिलं. त्यात कानझान निघाला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्या पापड्यांची परतफेड यायला लागली. कुणी हात पुसायचे टॉवेल आणले, कुणी साबणाच्या वड्या, एकाने गावाहून आलेला भला थोरला कोबी. कोबी पापड्यांपेक्षा भारी, म्हणून हिसानोला त्याची अर्धी परतफेड करावी लागली. ते शेजारी संकोचले आणि मुळ्याचं लोणचं घेऊन आले. एका संध्याकाळी टॉवेलांच्या ढिगाआडून हिसानोचा आवाज आला, “अहो, झाडं बघताय की लग्नाआधीच आहेर गोळा करताय?”

आणि अशात मला तो दिसला. आमच्या गल्लीच्या वळणावर त्सुरुमाकीबाईंचं घर आहे. बाई एकट्याच राहतात, फार मऊ बोलतात. त्यांच्या कुंपणातून एक झाड बाहेर झुकलेलं आहे. त्याची एक फांदी गल्लीवर आणि दुसरी पलीकडच्या मुलांच्या बागेवर. ते झाड त्या दिवशी गडद गुलाबी झालं होतं. भरगच्च पाकळ्या. मी तिथेच पुस्तक उघडलं. रंग जुळला. पाकळ्या जुळल्या. कानझान सगळ्यांनंतर फुलतो असं पुस्तकात होतं, आणि हे झाड तर नदीकाठच्या झाडांबरोबरच फुललं होतं. पण त्सुरुमाकीबाईंची भिंत दक्षिणेकडे आहे, ऊन चांगलं लागतं. शिवाय कानझानच्या फुलाला लांब देठ असतो असं लिहिलं होतं. इथे फुलं फांदीला चिकटूनच होती. देठ दिसत नव्हता. मी निष्कर्ष काढला की तो अजून वाढायचा असेल.

त्सुरुमाकीबाई झाडू घेऊन बाहेर आल्या. मी त्यांना सांगितलं, “त्सुरुमाकी-सान, तुमच्या दारात कानझान आहे.”

बाईंनी झाडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तकाकडे.

“असेलही,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी वस्ती मंडळाच्या अध्यक्षांकडे, नेबाशी-सानांकडे गेलो. नेबाशी-सान टोफूचं दुकान चालवतात आणि त्यांचा एक गुण असा की कुठलीही गोष्ट आपल्याला आधीपासून माहीत नव्हती, हे त्यांना सहन होत नाही. कानझानचं ऐकून ते म्हणाले की हो, त्याबद्दल मंडळात काही बोलायचं त्यांच्याही मनात होतंच. त्यांनी मला वस्तीतल्या साकुरांना नावांच्या पाट्या लावायचं काम दिलं आणि घरोघरी फिरणाऱ्या सूचनाफळीवर तसं जाहीरही करून टाकलं. मी लाकडाच्या फळ्या तासल्या आणि शाईत ब्रश बुडवून नावं लिहिली. नदीकाठी सोमेई-योशिनो लिहून लिहून माझा हात इतका बसला की कानझानची पाटी फारच देखणी झाली. ती मी त्सुरुमाकीबाईंच्या कुंपणाला बांधली. येणारेजाणारे थांबून वर झाडाकडे बघत, खाली पाटीकडे बघत आणि म्हणत, अक्षर काय सुंदर आहे. झाडाबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. मला वाटलं, अक्षरापुढे झाड फिकं पडलं.

आता फुलं तोडायची. त्सुरुमाकीबाईंनी हवी तेवढी घ्या म्हणून सांगितलं. पण अध्यक्ष म्हणाले की आता पाटी लागली आहे, म्हणजे झाड सार्वजनिक महत्त्वाचं झालं, तेव्हा वॉर्ड ऑफिसात विचारून घ्यावं. मी गेलो. उद्यान विभागातल्या तरुण बाईंनी मला खुर्ची दिली, नकाशा पसरला आणि खेदाने सांगितलं की बागेवर झुकलेली फांदी त्यांच्याकडे आहे, पण गल्लीवरची फांदी रस्ते विभागाकडे जाते. रस्ते विभागातल्या गृहस्थांनी त्याहून जास्त खेद व्यक्त केला. फांदीवरच्या फुलाला हात लावणं म्हणजे छाटणी, आणि छाटणी हिवाळ्यात होते. मी विचारलं, गळून पडलेलं फूल? ते म्हणाले की जमिनीवर आलं की तो कचरा, स्वच्छता विभाग खालच्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर मला फार आनंदाने सांगण्यात आलं की पडलेली फुलं स्वयंसेवक गोळा करू शकतात, आणि माझ्या दंडाला स्वच्छता स्वयंसेवकाची हिरवी पट्टी बांधण्यात आली. निघताना मी सहज विचारलं की फूल फांदीवरून सुटलं आहे पण जमिनीवर पोचायचं आहे, अशा वेळी ते कुणाकडे असतं. तिघे कर्मचारी एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी त्यांनी कबूल केलं की हवेसाठी विभाग नाही.

हेच मला हवं होतं. जमिनीवर मळलेलं फूल खारवून उपयोग नाही. मी निळी ताडपत्री घेतली, त्सुरुमाकीबाईंच्या झाडाखाली पसरली, चपला काढल्या आणि मधोमध बसून फुलं पडायची वाट बघू लागलो.

इथे माझी चूक झाली, आणि ही चूक आमच्या देशातल्या शेंबड्या पोरानेही केली नसती. फुललेल्या झाडाखाली निळी ताडपत्री पसरून एकटाच माणूस बसला असेल, तर तो जागा धरून बसलेला असतो. मागून फुलं बघत खायला-प्यायला माणसं यायची असतात, डबे यायचे असतात, दारू यायची असते. याला दुसरा अर्थच नाही. पहिल्यांदा समोरच्या घरच्या सूनबाईंनी विचारलं की जागा कुणासाठी. मी म्हणालो, नातीच्या साखरपुड्यासाठी. माझ्या मते मी खरं तेच सांगत होतो. त्या घाईने आत गेल्या. तासाभरात बातमी अध्यक्षांपर्यंत पोचली की कुरामोतो-सानांनी, म्हणजे मी, नातीच्या आनंदाप्रीत्यर्थ वस्तीला कानझानखाली बोलावलं आहे. अध्यक्षांना हे माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी लगेच सांगितलं की त्यांना माहीत होतं. दुकान बंद करून ते तळलेल्या टोफूची परात घेऊन आले. मग बाकीचे आले. कुणी भाताच्या मुठी, कुणी अंड्याच्या वड्या, कुणी साकेच्या बाटल्या. हिसानो घरातून धावत आली, ताडपत्रीवरची गर्दी बघून जागच्या जागी थांबली, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सगळ्यांना वाकून म्हणाली की या, या, आमच्याकडून काहीच नाही, पण या. मग मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, “परतफेडीला आता घर विकायचं का?”

आणि फुलं पडत नव्हती. अर्धवट उमललेलं फूल का पडेल? वारा नव्हता. तेव्हा मला आमच्या भट्टीचा हातपंखा आठवला. न्हाणीघर बंद झालं तेव्हा मालकाने आठवण म्हणून मला दिलेला, मूठ गरगर फिरवली की नळीतून झोताने वारा सोडणारा. हवेसाठी विभाग नाही, हे मी ऑफिसात ऐकलं होतंच. मी तो ढकलगाडीवर घालून आणला, नळी फांदीकडे केली आणि मूठ फिरवली.

फुलं पडली. खोटं बोलणार नाही, सुरेख पडली. पण त्यांच्या आधी नळीतून माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांची काजळी बाहेर आली. ती भाताच्या मुठींवर बसली, अंड्याच्या वड्यांवर बसली, आणि बरीचशी अध्यक्षांवर बसली. त्यांनी त्या दिवशी पांढरा सदरा घातला होता. अध्यक्षांनी डोळे मिचकावले. काळ्या चेहऱ्यात ते दोन डोळे मला अजून दिसतात. मग त्यांनी भाताची काळी मूठ उचलली, निरखली आणि म्हणाले की काळे तीळ पोटाला चांगले असतात. सगळे हसले. त्सुरुमाकीबाईंनी पदार्थांवरची काजळी फुंकरीने उडवली आणि झाडाकडे बघत माझ्याकडे कप पुढे केला. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा काहीतरी होतं. मला वाटलं साके.

पडलेल्या फुलांतली निम्मी लोकांनी साकेच्या कपात घालून प्यायली. उरली ती मी आणि हिसानोने घरी नेऊन धुतली, मिठात घालून दगडाखाली ठेवली, आंबट आलुबुखाराच्या व्हिनेगरात मुरवली, सावलीत वाळवली आणि पुन्हा मीठ लावून बरणीत भरली. हिसानोने बरणीवर झाकण घट्ट बसवलं. चिगुसाने संध्याकाळी बरणी उजेडाकडे धरून पाहिली, आणि पहिल्यांदाच तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. तिने तात्सुनोरीला सांगितलं, त्याने घरी सांगितलं, आणि तिकडून निरोप आला की इवासे-आजी त्या फुलांची वाट बघते आहे.

उन्हाळ्यात मी हिरवी पट्टी बांधून गल्ली झाडत होतो. पाटीखाली वाकलो असताना माझ्या टोपीवर काहीतरी पडलं. उचलून पाहिलं तर एक छोटं, कडक, हिरवं फळ. त्यावर मऊ लव. वर पाहिलं तर फांदीवर अशी पुष्कळ फळं होती. साकुराला इतकुसं काळं फळ धरतं, हे न्हाणीघराच्या भट्टीलाही ठाऊक आहे. मी ते फळ नाकाशी नेलं. मग कुणी बघत नाही ना म्हणून मागे वळलो, तर त्सुरुमाकीबाई झाडू घेऊन दारात उभ्या.

मी त्यांना विचारलं की हे झाड कसलं आहे.

त्यांनी आधी माझी फार माफी मागितली. मग म्हणाल्या की मुलगी झाली तेव्हा त्यांच्या यजमानांनी लावलेलं पीचचं झाड आहे ते. शोभेचं. मुलींच्या सणाला बाहुल्यांपुढे त्याचीच फांदी ठेवत असत.

“मग तुम्ही सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही इतक्या खात्रीने पाटी लावलीत,” बाई म्हणाल्या, “की दोन दिवस मलाच वाटलं, आमच्या ह्यांनी मला आयुष्यभर फसवलं.”

मी फळ खिशात घातलं. अध्यक्षांना ठाऊक होतं का, असं विचारलं, तर बाई झाडूकडे बघायला लागल्या. पोलिसाला? त्याला तर पाटी लागली त्या दिवसापासून, त्याची आई बागवान आहे. सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. सगळी वस्ती पीचखाली बसून कानझानच्या नावाने साके प्यायली होती. काजळीसकट. याहून जास्त नाचक्की होऊ शकत नाही असं मला वाटलं, तेवढ्यात बाई अगदी संकोचून म्हणाल्या, “आणि कुरामोतो-सान, ती फुलं खारवली आहेत म्हणे. पीचची फुलं आमच्या सासूबाई पोट साफ व्हायला द्यायच्या.”

त्या रात्री जेवताना मी चिगुसाकडे बघू शकलो नाही. साखरपुड्याला मुलाकडच्यांना जुलाब. इवासे-आजी यावर काय म्हणेल हे सुचायला फार कल्पनाशक्ती लागत नव्हती.

आता खरं सांगून टाकावं, असं शहाण्या माणसाला वाटलं असतं. पण मोठ्या दुकानाच्या तळघरात खारवलेल्या साकुराच्या बरण्या मिळतात, असं मला आठवलं. मी पेन्शनमधली रक्कम घेऊन गेलो, सगळ्यांत उत्तम द्या म्हणालो, आणि घरी येऊन ती फुलं आमच्या बरणीत भरली. पीचची फुलं टाकवेनात. ती एका डब्यात घालून स्वयंपाकघरातल्या जमिनीखालच्या कप्प्यात, हिसानोच्या लोणच्यांमागे लपवली. दुकानाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत बरंच काही छापलं होतं. ज्या माणसाने अख्ख्या वस्तीला पाट्या वाचायला लावल्या, त्याने ते वाचलं नाही. बोळा करून कचऱ्यात टाकलं.

त्सुरुमाकीबाईंच्या कुंपणावरची पाटीही मी काढली नाही. काढायची म्हणजे अध्यक्षांना कारण सांगायचं, आणि त्यांनी ते आपल्याला आधीच माहीत होतं असं म्हणायचं. ह्या वेळी ते खरं असतं. मला ते सहन झालं नसतं.

साखरपुड्याचा दिवस उजाडला. ओसाकाहून आमचा मुलगा आणि सून आले. आमच्या चटयांच्या खोलीत मानाच्या वस्तू मांडल्या गेल्या, सगळे गुडघ्यांवर ताठ बसले, ठरलेली वाक्यं ठरलेल्या क्रमाने म्हटली गेली. इवासे-आजी तात्सुनोरीच्या शेजारी होती. लहानशी, वाळलेली, तपकिरी हातांची बाई. चिगुसाने कप मांडले. वरून पाणी ओतलं. फुलं उमलली. अगदी पुस्तकातल्यासारखी, लांब देठासकट. सगळे ‘वा’ म्हणाले. चिगुसाचे वडील अभिमानाने म्हणाले की ही आमच्या बाबांनी गल्लीतल्या झाडाची खारवलेली.

इवासे-आजीने कप डोळ्यांजवळ नेला. बोटाच्या टोकाने देठ उचलून पाहिला. एक घोट घेतला. कप खाली ठेवला.

“ही तुमच्या गल्लीतली फुलं?”

मी तोंड उघडलं.

“दोन फुलं एका देठावर राहतील अशी तोडायची, ही आमच्या घरची रीत,” आजी म्हणाली. “मिठाची चवही आमची. ही माझी फुलं आहेत.”

चिगुसा माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. बघत होती, आणि तेच वाईट होतं. मी नवे मोजे घातलेले पाय मागे घेतले, हात चटईवर टेकले, कपाळ हातांवर टेकवलं आणि सगळं सांगून टाकलं. पुस्तक, देठ, पाटी, काजळी, फळ, तळघरातलं दुकान. चटईकडे बघत बोलल्यामुळे कुणाचे चेहरे दिसत नव्हते, ही एकच सोय. पोरीला ह्यातलं काही ठाऊक नाही, बोल लावायचा तर मला लावा, असं म्हणून मी थांबलो.

मग कप उचलल्याचा आवाज आला. आजी पाणी पीत होती. सगळं प्यायली.

“इतकी वर्षं फुलं तोडते आहे,” ती म्हणाली. “डबे भरले की गाडी येते, घेऊन जाते. कुणाच्या घरी जातात, कुठल्या मुलीच्या हातून ओतलं जातं, कधी बघितलं नव्हतं. आमच्या स्वतःच्या घरात कोण पितो? आज बघितलं.” मग चिगुसाकडे वळून म्हणाली, “पाणी चांगलं ओततेस. घाई करत नाहीस.”

मी मान वर केली. आजी आता माझ्याकडे बघत होती. “आणि तुमची फुलं? ती कुठे आहेत?”

मी टाकून दिली असं म्हणणार, एवढ्यात हिसानो उठली आणि थेट जमिनीखालच्या कप्प्याकडे गेली. लोणच्यांमागे काय आहे हे लोणची घालणाऱ्या बाईला कळणार नाही, असं मी समजत होतो. तिने डबा आजीपुढे ठेवला. आजीने एक फूल उचललं आणि नाकाशी नेलं.

“पीच,” ती म्हणाली.

साऱ्या वस्तीने वसंतापासून मिळून टाळलेला शब्द तिने श्वास घ्यावा तसा म्हणून टाकला. माझा मुलगा खोकला. तात्सुनोरीने ओठ चावला. आजीने फूल जिभेवर टेकवलं, विचार केला आणि म्हणाली, “मीठ मात्र बरोबर पडलंय. व्हिनेगरही. हात चांगला आहे. झाड तेवढं चुकलं. पण हे कुणाला पाजू नका. आमची परतीची गाडी लांब पल्ल्याची आहे.”

आधी चिगुसा हसली. मग कुणाला थांबणं जमलं नाही.

संध्याकाळी आम्ही पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला निघालो. दुसरा रस्ता असता तर मी घेतला असता, पण स्टेशनला जायचं तर त्सुरुमाकीबाईंच्या दारावरूनच जावं लागतं. पाहुणे येणार हे गल्लीला माहीत होतं. त्सुरुमाकीबाई झाडू घेऊन होत्या. पोलीस सायकल टेकवून होता. अध्यक्ष नवा पांढरा सदरा घालून पाटीशेजारीच उभे. त्यांनी पाहुण्यांना वाकून नमस्कार केला, आणि मी त्यांचं बोलणं थांबवण्याआधी हात वर करून म्हणाले की हा आमच्या वस्तीचा कानझान, कुरामोतो-सानांनी ओळखून काढलेला, पाटीवरचं अक्षर त्यांचंच.

पीचची थोडी फळं अजून फांदीला होती. लव असलेली, पिवळट पडलेली. कुणालाही दिसतील अशी, अगदी पाटीच्या वर.

इवासे-आजीने पाटी वाचली. मान वर करून झाड पाहिलं. फळं पाहिली. मग गल्लीत उभ्या असलेल्या सगळ्यांकडे, एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शेवटी माझ्याकडे. चिगुसाने माझी बाही धरली. धाकट्या सुनेला पंगतीत भांड्याबद्दल विचारणारी ती बाई पाटीसमोर जरा वाकली.

“असेलही,” ती म्हणाली.

सोयरीक जमली, हे मला तेव्हा कळलं.